शेजारचे बिनतारी जाळे

शेजारधर्म ही आपल्या समाजाची जुनी पुंजी आहे. चूल पेटवावयास विस्तव हवा असो, दुधास विरजण हवे असो, अथवा अवेळी पाहुणा येऊन घरचे पीठ कमी पडो, शेजारचे दार ठोठावण्यात खानदेशातील माणसास कधी संकोच वाटला नाही. या जुन्या मागण्यांत आता एका नव्या मागणीची भर पडली आहे. "काकू, तुमच्या वायफायचा पासवर्ड देता का?" हा प्रश्न जळगावच्या वसाहतींत आणि धुळ्याच्या क्रमांकांच्या गल्ल्यांत आज सहज कानी पडतो. मागणारा बहुधा शाळकरी मुलगा असतो. देणारीस ती फुकटची गोष्ट वाटते. आणि क्षणार्धात दोन घरे एका अदृश्य धाग्याने जोडली जातात. हे योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास कोणत्या रीतीने, याविषयी चार शब्द विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावेत असे आम्हांस वाटते.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु तसा तो नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा एकाच भिंतीच्या अलीकडचे मूल वर्गात हजर आणि पलीकडचे गैरहजर, असा प्रकार गावोगाव घडला. दोघांच्या बुद्धीत अंतर नव्हते. अंतर होते ते केवळ जोडणीचे. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी गरज संपलेली नाही. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि २०२५ पासून राज्यभर अकरावीचा प्रवेशसुद्धा, इंटरनेटवाचून होत नाही. अशा वेळी ज्याच्या घरी जोडणी आहे त्याने शेजाऱ्यासाठी कडी लावून बसावे, हे आम्हांस शेजारधर्मास धरून वाटत नाही.

हे जाळे भिंतीपलीकडे जाते तरी कसे? १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. आजच्या घरगुती राऊटरमधील लहरी त्याच कुळातल्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. ती भिंतीतून बरी जाते, पण तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर पाच-सहा सेंटीमीटरांची. ती वेगवान, परंतु विटांच्या दोन भिंती किंवा एक सिमेंटचा स्लॅब आड आला की थकते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाईवर येते. म्हणून लगतच्या खोलीत उत्तम चालणारे जाळे रस्त्यापलीकडच्या घरी रडतखडत पोचते.

घरे थोडी दूर असतील, तर दोन्ही गच्च्यांवर एकमेकांकडे तोंड करून दोन लहान दिशादर्शी अँटेना बसवितात. त्यांची एकमेकांवर थेट नजर असावी लागते, आणि नजरेच्या रेषेभोवती थोडी मोकळी जागाही लागते. शंभर मीटरांच्या अंतरावर २.४ गिगाहर्ट्झसाठी ही जागा मध्यभागी रेषेच्या चहूबाजूंस सुमारे पावणेदोन मीटर भरते. वाटेत निंबाचे झाड असेल, तर त्याची ओली पाने लहरी शोषून घेतात. उन्हाळ्यात चाललेली जोडणी पालवी दाट झाली की मंदावते ती यामुळेच. कित्येक जण हा सारा खटाटोप टाळून गच्चीवरून गच्चीवर तांब्याची तार ओढतात. ते मात्र धोक्याचे आहे. दोन घरांचे अर्थिंग सारखे नसते, आणि ज्येष्ठातील वळवाची वीज जवळपास कोसळली तर त्या तारेवाटे दोन्ही घरांतील यंत्रे जळू शकतात. यासाठी दोन घरांत बिनतारी दुवा किंवा काचतंतूची तारच बरी. सरकारनेही घरगुती वापराच्या या लहरी ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्यावाचून खुल्या केल्या आहेत, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली.

आता मुख्य मुद्दा. इंटरनेट हे विस्तवासारखे आहे की पाण्यासारखे? विस्तव शेजाऱ्यास दिला तरी आपल्या चुलीतला कमी होत नाही. पाण्याचे तसे नाही. जेवढे दिले तेवढे आपले उणे झाले. पासवर्ड देणाऱ्यांची समजूत विस्तवाची असते. वस्तुस्थिती पाण्याची असते. समजा, एका घराने सेकंदास ४० मेगाबिटांची जोडणी घेतली. शेजारी कोणी अतिस्पष्ट चित्रपट लावला, तर त्यातील पंधरा ते पंचवीस मेगाबिट तिकडे वाहून जातात. तसे दोन चित्रपट चालले, की मालकाच्याच मुलीचा वर्ग अडखळू लागतो. मग कुरबूर होते, गुपचूप पासवर्ड बदलला जातो, आणि ज्या धाग्याने घरे जोडावयाची त्यानेच मने तुटतात.

पाण्याची वाटणी कशी करावी, हे मात्र खानदेशास कोणी शिकवावयास नको. पांझरेच्या काठी धुळे जिल्ह्यात शतकानुशतके फडपद्धत नांदली. नदीवर बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा, आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे. एका फडात एकच पीक. एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवण्याची वेळ आली, तरी तोटा एकाच्या माथी न बसता सर्वांत वाटला जाई. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने बारे फोडावयाचे नाही. तेथे औदार्य होते, पण ते मर्जीवर सोपविलेले नव्हते. त्यास नियमाचा बांध होता. आमच्या मते शेजारच्या जाळ्यासही हाच न्याय लागू करावा.

बांध नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या बिनतारी जोडणीवरून पाठविला गेल्याचे तपासात आढळले. त्या रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता. परंतु पोलीस प्रथम त्याच्याच दारी गेले, कारण जोडणीची खूण तेथवर पोचत होती. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्याचाही तसाच दुरुपयोग झाला. तात्पर्य, पाणी कोणीही नेवो, पाट ज्याच्या नावावर आहे त्यासच जाब द्यावा लागतो.

म्हणून आमची सूचना अशी. पहिले, जोडणी देणाऱ्या कंपनीचा करार वाचावा. पुष्कळ करारांत जोडणी एकाच घरापुरती असते. एका कुटुंबाची लागून दोन घरे असली तरी विचारून घ्यावे, आणि नकार आल्यास तो मानावा. पैसे घेऊन जोडणी विकणे हे तर निराळेच प्रकरण असून त्यास कायद्याची स्वतंत्र वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत साध्या किराणा दुकानदारासही परवाना न काढता अशी सेवा देता येते. दुसरे, अनुमती असल्यास शेजाऱ्यास घरचा पासवर्ड न देता राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडावे. त्याची किल्ली वेगळी असते, आणि पुष्कळ राऊटरांत वेगाची मर्यादाही ठरविता येते. हाच आपला घरगुती पाटकरी. तिसरे, बोलणे दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांत उघडपणे व्हावे: कोणती यंत्रे जोडली जातील, कोणत्या वेळी अभ्यासास अग्रक्रम राहील, आणि बंद करावयाचे झाल्यास किती दिवस आधी सांगावयाचे.

कोणी म्हणेल, दोन घरांच्या प्रेमात हे कलम-कानून कशाला? आमचे उत्तर असे की, नियमाने घेणारा ताठ मानेने घेतो आणि मर्जीने घेणारा ओशाळून घेतो. गरीब शेजाऱ्याच्या मुलास दररोज पासवर्डासाठी उंबऱ्याशी उभे राहावयास लावणे, यापेक्षा एकदाच स्वच्छ बोलून ठरविणे अधिक प्रेमाचे आहे. आणि कंपनीचा करार आड आलाच, तर आपल्या ओसरीस कोणाची मनाई नाही. शेजारच्या मुलास सायंकाळी तासभर बोलवावे, आपल्या मुलाशेजारी बसवावे. एकाच पडद्यावर दोघे शिकतील. जाळे भिंतीपलीकडे नेता येत नसेल, तर मुलास भिंतीअलीकडे आणावे.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचा शब्द तुम्हांस. वडिलांस न विचारता मित्राच्या कानात सांगितलेला पासवर्ड हे औदार्य नव्हे. जे आपले नाही ते देण्याचा अधिकार आपणांस नसतो. आणि शेजाऱ्याचे उघडे जाळे दिसले म्हणून त्यात शिरणे, हे उघड्या दारातून आत शिरण्यासारखेच आहे. विचारा, मागा, ठरवा आणि मग वापरा. पांझरेकाठच्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्यास पाण्याच्या बाबतीत जे साधले, ते शिकल्यासवरलेल्या पिढीस इंटरनेटच्या बाबतीत साधू नये, असे मानावयास आम्ही तयार नाही.