टाके काढल्यानंतर

गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकण्याच्या विकाराला आपल्याकडील स्त्रिया ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. शब्द साधाच आहे, पण तो ओठांवर यायला कित्येकींना दहा-दहा वर्षे लागतात. बेला, जैनथ, तामसीकडची शेतकरी स्त्री डॉक्टरांसमोर बसली की कंबरदुखी सांगते, पांढरे जाते म्हणते आणि उठताना दारापाशी थांबून खरी गोष्ट सांगते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी प्राणहितेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. या मौनाबद्दल आपल्या व्यवसायात पुष्कळ लिहिले-बोलले गेले. शस्त्रक्रियेनंतरच्या मौनाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही; म्हणून हा लेख.

‘ऑपरेशन सक्सेसफुल’ असे आपण नातेवाइकांना सांगतो, तेव्हा नेमके काय सांगत असतो? अमेरिकेतील ३२२ शस्त्रक्रियाग्रस्त स्त्रियांच्या माहितीवर बार्बर व सहकाऱ्यांनी २००९ साली यशाच्या १८ वेगवेगळ्या व्याख्या लावून पाहिल्या. व्याख्येगणिक यशाचे प्रमाण १९.२ टक्क्यांपासून ९७.२ टक्क्यांपर्यंत बदलले. स्त्रिया त्याच, शस्त्रक्रिया तीच, आकडा मात्र ज्याने मोजपट्टी धरली त्याचा! आणि स्त्रीला स्वतःला जे बरे वाटते, त्याच्याशी सर्वांत चांगला मेळ बसला तो एका साध्या गोष्टीचा : काही खाली आल्यासारखे वाटते की नाही.

२०१८ साली ‘जामा’मध्ये आलेले पाच वर्षांचे निष्कर्ष याहून बोलके आहेत. योनिमार्गाने करावयाच्या दोन प्रचलित शस्त्रक्रियांची ती तुलना होती. काटेकोर निकष लावता एका पद्धतीत ६१.५ टक्के आणि दुसरीत ७०.३ टक्के शस्त्रक्रिया अपयशी ठरल्या. पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या स्त्रिया मात्र अनुक्रमे सुमारे १२ आणि ८ टक्केच होत्या. याचा अर्थ एवढाच, की तपासणीच्या टेबलावर दिसणारी ढिलाई प्रत्येक वेळी दुखणे नसते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आतून सर्व जागच्या जागी बसलेले, पण खोकताना लघवी सुटते, पतीजवळ जाताना वेदना होतात, अशी स्त्री आपल्या नोंदवहीत ‘बरी’ म्हणूनच राहते.

समाजबांधवांसाठी येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘पिशवी काढून टाका’ हा आग्रह घरचीच मंडळी धरतात. परंतु दोष पिशवीत नसतो, तिला धरून ठेवणाऱ्या आधारांत असतो. आधार न सांधता नुसते गर्भाशय काढले, तर काही वर्षांनी योनीचा वरचा भाग खाली येतो आणि त्याची दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. वास्तविक गर्भाशय राखून त्याला आधार देण्याच्या शस्त्रक्रियांत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. गोव्याच्या मातीतून आलेले आणि मुंबईत नाव कमावलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशयमुखाला पट्टीने त्रिकास्थीच्या कडेशी बांधण्याची पद्धत दिली. पुरंदरे यांच्या नावाची पद्धत पोटाच्या पुढील भित्तीचा आधार घेते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांचा विचार त्यामागे होता. आपल्याकडे मुलींची लग्ने लवकर होतात व विकारही लवकर दिसतो, तेव्हा तो विचार आजही शिळा झालेला नाही.

योनिमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळीचा मोह ओसरला, हे बरेच झाले. ‘प्रॉस्पेक्ट’ या ब्रिटिश चाचणीत (२०१७) पहिल्या दोन वर्षांत जाळीचा विशेष लाभ दिसला नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा सोसणार नाही, त्यांच्यासाठी रिंग पेसरी आहे. ती स्वस्त आहे आणि कदाचित म्हणूनच तिला मान नाही.

आता विश्रांतीविषयी. तीन महिने जड उचलू नका, असे आपण सवयीने लिहितो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर हालचालींची मोकळीक दिलेल्या स्त्रियांचे तीन महिन्यांनंतरचे परिणाम निर्बंध पाळणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हते. परंतु तिथली स्त्री म्हणजे कापसाचे ओझे डोक्यावर घेऊन बांध ओलांडणारी स्त्री नव्हे. माझ्या मते तो निष्कर्ष आपण जसाच्या तसा उचलू नये. त्याऐवजी शस्त्रक्रियेची वेळ निवडावी. दिवाळीपासून वेचणी चालते. त्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेली स्त्री महिन्याभरात शेतात दिसणारच, मजुरी तिला बसू देत नाही. होळीनंतर मृगापर्यंतचा काळ त्या मानाने मोकळा, मात्र घरात नळ नसेल तर त्याच दिवसांत पाण्याच्या घागरी. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी पाणी कोण भरते, हे घरच्यांना विचारणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

पाठपुराव्याचे दुखणे मात्र आपल्या भूगोलातच आहे. आदिलाबादला २००८ साली वैद्यकीय महाविद्यालय आले, तरी पैनगंगा ओलांडून यवतमाळ-नागपूर गाठणाऱ्या स्त्रिया आहेतच. शस्त्रक्रिया तिकडे, टाके गावच्या आरएमपीकडे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, रुग्णालयातील बोलणे तेलुगूत आणि घरची भाषा मराठी किंवा गोंडी! सहा आठवड्यांनी या, हे वाक्य त्या बाईपर्यंत पोहोचतच नाही.

माझी सूचना अशी, की आपल्या मंडळातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी एक सामाईक नोंदवही ठेवावी, शस्त्रक्रिया कोठेही झालेली असो. सहा आठवडे, एक वर्ष आणि पाच वर्षे या टप्प्यांवर मोजकेच प्रश्न विचारावेत : काही खाली येते का, लघवी पूर्ण होते का, सुटते का, शौचाला बोटाचा आधार द्यावा लागतो का, पतीजवळ जाताना दुखते का, वेचणीला जाता येते का, आणि शेवटी, हीच शस्त्रक्रिया बहिणीला करून घे म्हणाल का. प्रश्न तिन्ही भाषांत असावेत, आणि ते आशा कार्यकर्तीने विचारावेत. घरात नकोत, सासू ओसरीवर बसलेली असता चौथ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘नाही’च येते.