गेलेलं माणूस स्वप्नात येतं तेव्हा

आपल्याकडे स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्यांना तोटा नाही. साप दिसला की धनलाभ, दात पडला की वाईट बातमी, आणि गेलेलं माणूस दिसलं की "काहीतरी इच्छा राहिली असणार." बाबा गेल्यावर काही महिने ते आईच्या स्वप्नात यायचे. ओट्यापाशी उभे राहून नुसता चहा मागायचे. कुणीतरी लगेच "शांती करून घ्या" असं सुचवलं, आणि बाबा दिसल्याच्या आनंदाऐवजी आईच्या मनात धास्ती बसली. माझा आक्षेप आहे तो इथे.

झोपेचं विज्ञान काय सांगतं? १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 'रेम' झोपेची नोंद केली. मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात, ती ही अवस्था. साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्यातूनच जाग आली तर स्वप्न लक्षात राहतं. पहाटेच्या स्वप्नाला आपण एवढा मान देतो, त्यामागे हेही असेल! या वेळी मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो आणि तर्काचा मंदावलेला. म्हणून गेलेल्या माणसाने चहा मागितला तरी स्वप्नात नवल वाटत नाही.

फ्रॉइड स्वप्नामागे दडपलेली इच्छा शोधायचा. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली म्हणाले, मेंदूच्या तळातून उठलेल्या संदेशांची वरचा मेंदू गोष्ट जुळवतो. मला वाटतं, गोष्ट जुळवायला सामान आपलंच लागतं. तेव्हा इच्छा राहिलीच असेल तर ती आईची, बाबांची नव्हे.

आणि अध्यात्म? पुराणांत शुभ-अशुभ स्वप्नांच्या याद्या आहेतच. पण मांडूक्य उपनिषद स्वप्नाला जागृती आणि सुषुप्ती यांच्यासारखीच चेतनेची एक अवस्था मानतं, आत वळलेली. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव विठ्ठलाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगून गेले. बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला. या स्वप्नांनी त्यांना भीती नाही दिली, काम दिलं.

एकच भयानक स्वप्न रोज झोप मोडत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावं. एरवी कुणी आपलं स्वप्न सांगू लागलं, तर अर्थ सांगायची घाई नको. "मग काय बोलले?" एवढं विचारावं आणि ऐकत बसावं. त्या माणसाला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.