परीक्षा चालकाची, मोकळीक मालकाची

अवजड वाहनाचा परवाना मागणाऱ्या तरुणाला चिन्हांचे अर्थ विचारले जातात. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात, हेही त्याला शिकवले जाते. हे ज्ञान आवश्यकच आहे. प्रश्न एवढाच की, ते वापरण्याची मुभा त्याला कोण देतो?

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. चालकाला बेजबाबदार ठरवून सारे मोकळे झाले. परंतु खेपेच्या ठरावीक रकमेतच डिझेल भागवायला लावण्याची रीत या धंद्यात जुनीच आहे. जेथे ती चालते तेथे वाचलेल्या डिझेलवर चालकाची चूल पेटते, हे कोणी बोलत नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवला, आणि पाचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला त्यातून वगळले! एक-दोन ट्रकांच्या मालकाकडे राबणारा चालक असा वाऱ्यावर सुटला. जादा भार मालकाच्या आज्ञेने लादला गेला असे न्यायालय गृहीत धरू शकते, अशी तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. पण नाक्यावर अडवला जातो तो चालकच.

तेव्हा मालवाहतुकीचे परमिट मागणाऱ्या मालकालाही परीक्षेस बसवावे, ही मागणी वाहतूक कामगारांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. भार किती आणि विश्रांती कधी, एवढे दोन प्रश्न आरंभाला पुरेत.