खेळातली टक्कर, समुद्रावरचा धडा

"पुरे झाला तो खेळ, आता अभ्यासाला बस!" हे वाक्य कुणाच्या घरात ऐकू येत नाही? पण एक अभ्यास असाही आहे, ज्यात शिक्षकच विद्यार्थ्याला संगणकावर खेळायला बसवतात. हे विद्यार्थी शाळकरी मुले नसतात. ते असतात जहाजांचे अधिकारी.

रस्त्यावर असतात तसे समुद्रावरही वाहतुकीचे नियम आहेत. त्यांचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली झाला आणि १५ जुलै १९७७ पासून तो अमलात आला. नियम ऐकायला सोपे वाटतात. यंत्रावर चालणारी दोन जहाजे समोरासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळावे. दुसरे जहाज आपल्या उजव्या हाताने आडवे येत असेल, तर आपण त्याला वाट द्यावी. रात्री प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. म्हणून उजवीकडून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला की समजावे, वाट सोडण्याची पाळी आपली.

मग टक्कर होते कशी? कारण नियम पाठ असणे वेगळे आणि मध्यरात्री, झोपेने डोळे जड झालेले असताना तो सुचणे वेगळे. समुद्रावर ना सिग्नल, ना पोलीस. भरलेल्या मोठ्या जहाजाला थांबायला काही किलोमीटर लागतात. ऐनवेळी ब्रेक दाबण्याची सोय तिथे नाही.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'अँड्रिया डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही प्रवासी जहाजे एकमेकांवर आदळली. दोघांनीही एकमेकांना रडारवर पाहिले होते आणि नियम तेव्हाही होते. पण 'अँड्रिया डोरिया' डावीकडे वळले आणि 'स्टॉकहोम' उजवीकडे. ५१ माणसे प्राणाला मुकली. यंत्राने दाखवले होते, पण माणसांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

नेमका हाच अर्थ लावण्याचा सराव खेळातून देता येतो. अशा खेळांना 'सीरियस गेम' म्हणतात. क्लार्क ॲब्ट यांनी १९७० साली आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले होते. जहाजाच्या ब्रिजची हुबेहूब प्रतिकृती असलेले सिम्युलेटर महाग असतात आणि तिथे मोजकेच दिवस मिळतात. खेळ मात्र साध्या संगणकावरही चालतो.

पडद्यावर रात्र असते. दूर एक दिवा दिसतो. तो आहे त्याच दिशेला दिसत राहिला आणि अंतर मात्र कमी होत गेले, तर टकरीचा धोका आहे हे ओळखायचे. मग कोणी वळायचे, कधी आणि किती, हे ठरवायचे. थोडे थोडे वळत राहिले तर समोरच्याला कळतच नाही. वळण ठळक हवे. चुकलात तर टक्कर होते, आणि कुठला नियम मोडला हे खेळ सांगतो. पुन्हा खेळा, पुन्हा चुका. इथे कुणाचा जीव जात नाही.

धोकाही इथेच आहे. खेळात बुडालेले जहाज एक बटण दाबले की पुन्हा तरंगते. त्याची सवय लागली, तर शिकण्याऐवजी बेफिकिरीच वाढायची. भरतीचा ओढ, वाऱ्याचा जोर, शेजारी उभ्या असलेल्या कप्तानाचा दरारा, हे पडद्यावर पुरते उतरत नाही. म्हणून खेळानंतर अनुभवी अधिकाऱ्याने शेजारी बसून "तू असे का केलेस?" हे विचारायलाच हवे. खेळ म्हणजे शिक्षकाला सुट्टी नव्हे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना त्याची झळ बसली. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आज जहाजांवर आहेत. घरी आई देवापुढे दिवा लावते, तेव्हा तिचा मुलगा कदाचित अंधारात दुसऱ्याच एका दिव्याकडे टक लावून पाहत असेल.

तो दिवा लाल की हिरवा, आणि आता काय करायचे, हे त्याला क्षणात सुचावे. त्यासाठी तो चार घटका संगणकावर खेळला असेल, तर त्या वाया गेल्या असे कोण म्हणेल?