दात बापाचे नाहीत, हापशीचे आहेत

"आमच्या घराण्याचेच दात असे." हे वाक्य आमच्या यवतमाळ जिल्ह्यात इतक्या सहज बोललं जातं, की त्यावर कोणी वाद घालत नाही. मी आज घालणार आहे. पोस्ट थोडी लांब आहे, पण लेकरंबाळं असलेल्यांनी पूर्ण वाचा.

काही गावांत एका घरात शिरा. बाप हसला की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. दोन्ही पोरांचे तसेच. माय मात्र पांढऱ्या दातांची. मग सगळे म्हणतात, पोरं बापावर गेली. पोरीला पाहायला पाहुणे येतात, पोहे खातात आणि जाताना मध्यस्थाच्या कानात सांगतात, "घराण्यात दोष दिसतो."

दोष घराण्यात नाही, बोअरच्या पाण्यात आहे. आमच्या आणि चंद्रपूर, नांदेडच्या काही पट्ट्यांत जमिनीखालच्या खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5, असं भारतीय मानक सांगतं. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हा म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांचं वरचं कवच डागाळतं. एकदा कवच झालं की नंतर त्या पाण्याने डाग पडत नाहीत. आता मायचं कोडं सुटलं ना? तिचं बालपण दुसऱ्या गावच्या विहिरीवर गेलं. ती सून म्हणून आली तेव्हा तिचे दात तयार होते. बाप आणि पोरं मात्र एकाच हापशीवर वाढली. वारसा मिळाला, पण तो रक्तातून नाही, गुंडातून मिळाला.

हे डाग राखेने, मिठाने, लिंबाने जात नाहीत. उलट कवच झिजतं. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर हाडं-सांधेही आखडतात, म्हणून हा फक्त रूपाचा प्रश्न नाही.

मग आनुवंशिक काहीच नसतं का? असतं. जबड्याची ठेवण, दातांचा आकार, दाटी, एखादा दात न येणं, हे घराण्यातून येतं. कवचाचा मजबूतपणा आणि लाळ यातही थोडा वाटा असतो. पण कीड? त्यात घरची सवय बघा आधी. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायचं, रडलं की बिस्किट, वर "दुधाचेच दात आहेत, पडणारच" हे ठरलेलं. अहो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी नवी दाढ येते, ती पक्की असते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईबापाला पत्ताच लागत नाही. लेकरू आठ वर्षांचं होईस्तोवर ती किडलेली असते. पुन्हा आलंच, "याच्या आजोबाचे पण असेच होते."

आजोबांचं काय सांगावं! नातवाच्या हातात पैसे देऊन टपरीवरून खर्रा आणायला पाठवणारे आजोबा मी रोज बघतो. पोट्टं आधी पुडी आणतं, मग चव घेतं. राज्यात गुटखाबंदी 2012 ला झाली, पण खर्रा मशीनवर घोटून चौकाचौकात मिळतो. सुपारीने गालाची आतली कातडी आखडते, तोंड उघडेनासं होतं, त्यातूनच पुढे कर्करोगाचा धोका. हे संस्कार कोणत्या घराण्याचे म्हणायचे?

आयांना दोष देऊन मोकळं व्हायचा माझा विचार नाही. सकाळी सहाला कापूस वेचायला जाणाऱ्या बाईने लेकराच्या दाढा कधी बघायच्या? त्यासाठीच 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडी-शाळेत पथक येतं, तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. कार्डावर खूण होते, पण पुढे उपचाराला तालुक्याला जायचं तर एक रोज बुडतो. खूण झालेल्या किती लेकरांची दाढ खरंच भरली गेली, हा आकडा शाळा व्यवस्थापन समितीने मुख्याध्यापकांना विचारावा. मीही विचारणार आहे.

आणि पाण्याचं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच कोण? किट कुठं आहे, ग्रामपंचायतीच्या कपाटात का? येत्या ग्रामसभेत प्रत्येक हापशीचा फ्लोराइडचा आकडा वाचून दाखवायला लावा, आणि तो फळ्यावर लिहायलाही. ज्यांच्या गावात असा फळा आधीच लागलाय त्यांनी खाली फोटो टाका. नसेल तर गावाचं नाव टाका, बातमी मी करतो.