मुखदुर्बळ मुले आणि आपण

घरी पाहुणे आले की एक लहानसा समारंभ ठरलेला असतो. मुलाला बाहेर बोलावले जाते, “काकांना कविता म्हणून दाखव बरे,” अशी आज्ञा होते, मूल आईच्या पदराआड दडते आणि कोणीतरी हसत निकाल देते, “भारी लाजाळू आहे हो आमचा!” पुढच्या खेपेस ते मूल पुन्हा गप्प राहते. आपण न बोलणारे आहोत, हे त्याने वडीलधाऱ्यांच्याच तोंडून ऐकलेले असते.

अशा मुलाला व्यासपीठावर ढकलले की त्याची भीड चेपते, ही समजूत शाळांतूनही रूढ आहे. मला ती मान्य नाही. पोहणे शिकविताना जुनी मंडळी पोराला विहिरीत ढकलीत हे खरे. पण त्याच्या पाठीला भोपळा बांधलेला असे, हे आपण विसरतो.

गांधीजींनी आत्मकथेत आपल्या भिडस्तपणाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. राजकोटला शिकत असताना शाळा सुटताच ते धावत घर गाठीत. वाटेत कोणी बोलेल, थट्टा करील ही धास्ती. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांनी एकदा आपले मत लिहून नेले. तेही दुसऱ्याला वाचावे लागले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते उलटतपासणीस उभे राहिले आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसले. मात्र १८९३ मध्ये प्रिटोरियातील हिंदी रहिवाशांच्या सभेत तेच बोलले. व्यापारातील सचोटीविषयी बोलले, संघटना उभारण्याची सूचना केली, इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्यांना शिकविण्याची तयारीही दाखविली. तेथे त्यांची परीक्षा घ्यायला कोणी बसले नव्हते. समोर लोकांची अडचण होती आणि हाती काम होते. माझ्या मते सारा फरक तेवढाच.

आपल्या बडोद्यातील मराठी मुलांची आणखी एक अडचण आहे. बाजारात गुजराती बोलताना चूक होईल, ही एक भीती. आणि सुटीत पुण्याचे नातेवाईक आले की आपल्या मराठीच्या गुजराती वळणाला हसतील, ही दुसरी. दोन्हीकडून हसू होणार असेल तर मुलाने तोंड उघडावे तरी कशाला? हे हसणे आधी थांबले पाहिजे. मग मुलाला लहानसे काम सांगावे. १९१० साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्याला पुस्तक परत करू द्यावे. तेथे एक वाक्य पुरते. गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाचे ताट त्याच्या हाती द्यावे. वर्गात प्रश्नाचे उत्तर त्याने प्रथम शेजारच्या मित्राला सांगावे, मग सर्वांना.

आणि तरीही ते मितभाषीच राहिले तर? राहू द्यावे. आपल्या संकोचाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली, असे गांधीजींनीच नमूद केले आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा दोन वर्षे जवळजवळ मुका होता. त्याच्याकडे वर्गाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दिली. पुस्तक हवे असेल त्याने त्याच्याकडे मागावे, अशी व्यवस्था झाली. दिवाळीपर्यंत तो “हे वाचू नकोस, ते ने” असे सांगू लागला. स्नेहसंमेलनात भाषण करशील का, असे विचारताच त्याने मान हलवून नकार दिला. मी पुन्हा विचारले नाही.