सागरी कायदा आणि कयाधूकाठ

हिंगोली जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तेव्हा पर्यावरण व सागरी कायद्याच्या वकिलीशी येथील विद्यार्थ्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. उत्तर नकाशातच आहे. पूर्णा गोदावरीस मिळते, कयाधू पैनगंगेस. आणि पैनगंगेचे पाणीही अखेर गोदावरीवाटेच बंगालच्या उपसागरास जाते.

नफा एकाचा आणि त्याची किंमत व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्याच्या माथी, यास अर्थशास्त्रात बाह्य परिव्यय म्हणतात. नदीतील वाळू उपसली जाते, तेव्हा काठच्या विहिरींचे आटलेले पाणी कंत्राटदाराच्या वहीत खर्ची पडत नाही. ते खर्ची पाडणे हेच या वकिलाचे काम. ६०,००० टनांहून अधिक कोळसा घेऊन निघालेले ‘राक’ जहाज ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईनजीकच्या समुद्रात बुडाले. एका नागरिकाच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांस १०० कोटी रुपयांच्या पर्यावरणीय भरपाईचा आदेश दिला. जो न्याय समुद्रास, तोच नदीस.

परंतु या न्यायाधिकरणापुढे पर्यावरणाचा वाद साधारणतः ६ महिन्यांच्या आत न्यावा लागतो. आमच्या गावकऱ्यांची ही मुदत तहसील कचेरीच्या हेलपाट्यांतच सरते. वेळीच वाट दाखविणारा वकील जवळ नसतो.

तो का नसतो? बारावीनंतर ५ किंवा पदवीनंतर ३ वर्षांचे विधिशिक्षण, सनद आणि अखिल भारतीय वकील परीक्षा, हा मार्ग अगम्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सनदेचे नोंदणीशुल्कही सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपयांवर आणले. खरी भिंत पुढे आहे. मुंबई-पुण्यात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारीची पहिली वर्षे काढायची, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने खोलीचे भाडे कोठून आणावे? शहरातील कनिष्ठ वकिलांना दरमहा २०,००० रुपये द्यावेत, असे भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचविले. पण सूचना म्हणजे हक्क नव्हे.

म्हणून जिल्ह्यातील साखर कारखाने, बाजार समित्या व सहकारी संस्था यांनी मिळून दरवर्षी निदान दोघा नवोदित वकिलांना ३ वर्षे निर्वाहवेतन द्यावे. बदल्यात त्यांनी येथील गावांची प्रकरणे विनामूल्य चालवावीत. ते परततील काय, ही शंका रास्त आहे. परंतु न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यासच आहे आणि जहाजांवरील दावे मुंबई उच्च न्यायालयात चालतात. सागरी दाव्यांवर पोट भरणारा वकील कयाधूचा खटला फुकट लढू शकेल. तो तेथे राहिला, तरी आमचाच राहील. मात्र त्याची पहिली ३ वर्षे आम्ही सांभाळली पाहिजेत.